गावच्या ओट्यावरची शाळा (लॉकडाऊनमधला मुलांचा अभ्यास)

सुपारीची वाडी | १९ मे २०२०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही ८ मेला पास काढून डोंबिवलीहून सासरी आलो. दापोली तालुक्यातलं छोटं गाव. ग्राम कृती दलाने वेशीवरच नावं लिहून घेतली आणि चुलत सासऱ्यांच्या बंद घरात आमची चौदा दिवसांची सोय केली. २२ तारखेला बाहेर पडू. सासूबाई सकाळ-संध्याकाळ डबा गडग्यावर (दगडी कुंपणावर) ठेवून मागे सरकतात, मग मुलं तो उचलतात. धाकटा पहिल्या दिवशी आजीकडे धावत सुटला आणि तिनेच ओरडून त्याला थांबवलं. डोळे पुसत उभी होती बिचारी.

लेक चौथीतून पाचवीत गेलीय, धाकटा पहिलीतून दुसरीत. पुस्तकं डोंबिवलीला राहिली. शाळेचे वर्ग जूनपासून मोबाइलवर भरणार म्हणतात, पण इथे मागच्या पडवीच्या एका कोपऱ्यात कशीबशी रेंज येते. त्यावर वर्ग कसा भरणार?

गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली, तिच्यावरूनच हा धागा सुचला. सासरे पलीकडच्या अंगणातून म्हणाले, "दोन दिवसांत सूर्य डोक्यावर येईल बघा, सावली पायात जाईल." आम्ही मुसळ अंगणात उभं केलं. तीन दिवस, बारा वाजल्यापासून. लेक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला कोळशाने खूण करायची. ११ तारखेला साडेबारा वाजून गेल्यावर मुसळाची सावली मुसळाखालीच गेली. धाकट्याने मुसळाभोवती दोन फेऱ्या मारल्या, सावली कुठे लपली ते बघायला! लेकीने लगेच डोंबिवलीच्या मैत्रिणीला फोन लावला. तिच्याकडे तेव्हा अजून जराशी सावली होती. तिची १६ तारखेला गेली, गॅलरीत पेन्सिल उभी करून बघितली तिने. डोंबिवली इथून उत्तरेला दीडेकशे किलोमीटर. म्हणजे सूर्याला तेवढं वर सरकायला पाच दिवस लागले, हे लेकीनेच मला सांगितलं. पाचवीचं पुस्तक हातात नसताना.

तर विचारायचं असं की, गावात राहून रोजच्या कामांतून मुलांचा अभ्यास कुणी घेतलाय का? कसा? आणि काय राहून जातं?

कुरणवाट | १९ मे २०२०

ताई, मी डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. आमच्या भागात याला मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळेत यायची नाहीत. या बायांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. खडे, बिया, पानं, शिंपले हेच साहित्य. गुरं चरताहेत आणि पोरं शिकताहेत.

नोकरीच्या पहिल्या वर्षापासून हे सगळ्यांना सांगत आलोय, कारण लोकांना वाटतं की फळा नसला की शाळा नाही.

एकच विनंती. प्रत्येक कामाला धड्याचं रूप देऊ नका. "चला, आता काजू मोजू या" म्हटलं की मूल ओळखतं, हे खोटं काम आहे. काजू खरोखर विकायचे असतील तेव्हाच मोजायला द्या.

मृणालिनी_ | १९ मे २०२०

मुसळाचं वाचून अंगावर काटा आला. लिहीत राहा, वाचतेय.

बांधावरून | २१ मे २०२०

वहिनी, २२ला बाहेर पडताय म्हणजे अगदी वेळेवर. २५ला रोहिणी नक्षत्र लागेल, धूळवाफेवर (पावसाआधी कोरड्या मातीत) भात पेरायची तयारी घरी चालू असेल. पेरणीआधी मुलांकडून बियाणं निवडून घ्या. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, तीन टक्क्यांचं द्रावण. त्यात भात ओतून ढवळायचं. पोकळ दाणा वर तरंगेल तो काढून टाकायचा. तळाचं बी दोनतीनदा साध्या पाण्याने धुवायचं आणि चोवीस तास सावलीत सुकवायचं. मी कृषी खात्यातून निवृत्त झालो. आयुष्यभर हे प्रात्यक्षिक दाखवत हिंडलो आणि मोठ्यांपेक्षा मुलांनीच ते नीट केलेलं पाहिलंय.

सुपारीची वाडी | २७ मे २०२०

बांधावरून काका, केलं!

सासूबाई आधी तयार नव्हत्या. "बी काय आमटी हाय मीठ घालायला?" पण नातीने तागडीत मीठ तोललं, कळशीने पाणी मोजलं (कळशीत किती लिटर मावतं, ते आधी बाटलीने मोजून घेतलं), तशा जवळ येऊन बसल्या. भात ओतल्यावर वर पिवळट साय धरल्यासारखा थर आला. धाकटा रोवळीने तो थर उचलत होता आणि एकेक दाणा नखाने फोडून बघत होता. आत काहीच नाही. "आई, हा नुसता शर्ट आहे." सासूबाईंनीही दोन दाणे फोडून पाहिले आणि काही न बोलता उरलेलं बियाणं आत जाऊन घेऊन आल्या.

दुसरी गंमत मापांची. घरात लाकडी मापं आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. लेकीने सगळं पाण्याने पडताळलं. मग शेरभर भात, शेरभर तांदूळ आणि शेरभर नाचणी तोलून पाहिली. माप तेच, वजन तिन्हींचं वेगळं. का, हे तिने आजीला विचारलं. आजीने सांगितलं, "भाताच्या दाण्याला तूस, त्यात वारा फार." घनता हा शब्द मी नंतर सांगितला, आणि तो तिला मिळाला तेव्हा आधी कळलेल्या गोष्टीचं नाव मिळालं. मला शाळेत नेमकं उलटं झालं होतं.

कुरणवाट | २८ मे २०२०

हे "आधी कळणं, मग नाव" तिच्याकडून वहीत लिहून घ्या. तिच्या शब्दांत, चुकांसकट.

सुपारीची वाडी | २१ जून २०२०

आज तालुक्याला आलोय, म्हणून रेंज आहे. गावात ३ तारखेपासून वीज नाही.

निसर्ग वादळाचं तुम्ही वाचलंच असेल. श्रीवर्धनकडे धडकलं, पण आमच्यावरूनही फिरलं. दुपारी आम्ही माजघरात बसलो होतो. कौलं पत्त्यांसारखी उडत होती. आवाज मात्र कौलांचा नव्हता, सुपारीचा होता. काठी मोडल्यासारखा, एकामागून एक. सासरे प्रत्येक आवाजाला मान हलवत होते. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडी आडवी. घराशेजारचा फणस उपटलेला, मुळं आभाळाकडे.

अभ्यासाचं बोलायची ही वेळ नाही, असं वाटलं. पण पंचनाम्याला यादी लागते. सासऱ्यांचा हात थरथरत होता, म्हणून लेक वही घेऊन त्यांच्यामागे फिरली. पाच-पाचच्या गाठी मारत सुपारी किती, नारळ किती, काजू, आंबा, कोकम. मोडलेलं वेगळं, उपटलेलं वेगळं, नुसते शेंडे गेलेलं वेगळं. ही वर्गवारी तिनेच पाडली. तलाठी आले तेव्हा त्यांनी तिच्याच वहीवरून आकडे उतरवले.

झाडाचं वय लिहायचं होतं. सासरे वर्षं सांगेनात. म्हणाले, "ही रांग तुझ्या बाबाच्या बारशाची. ती पलीकडची आत्याच्या लग्नातली. फणस माझ्या आजोबांचा." नातीने प्रत्येकापुढे सन काढला. अशी आमच्या घराची वंशावळ पहिल्यांदा कागदावर आली, पडलेल्या झाडांवरून.

मग सातबारा वाचायला घेतला. हेक्टर, आर, चौरस मीटर. आमची वाडी म्हणजे ०.०६.५०. दशांश चिन्ह बघून ती चक्रावली, मग दोरी घेऊन वाडी मोजली. एक आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, शंभर आरांचा हेक्टर. मदत हेक्टरी जाहीर होते आणि आपण साडेसहा आरांचे धनी! गुणाकार करून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. नंतर विचारलं, "इथे आजोबांची, काकाआजोबांची, सगळ्यांची नावं आहेत. आत्यांची का नाहीत?" सासरे म्हणाले, "तशी पद्धत होती." मी सांगितलं की आपल्या राज्यात लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा १९९४ साली कायद्याने मिळाला. तिने तेही वहीत लिहिलं आणि आजोबांना वाचून दाखवलं.

बांधावरून | २३ जून २०२०

फार वाईट वाटलं. सुपारीचं झाड परत उत्पन्नाला यायला सात-आठ वर्षं लागतात. जी कलती झालीत पण मुळं धरून आहेत, त्यांना माती द्या आणि टेकू लावा. राबातला तरवा (लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं) वाचला का?

सुपारीची वाडी | २३ जून २०२०

एका कोपऱ्यातला वाहून गेला, बाकी शाबूत आहे काका. लावणी होईल.

बालाघाट | २८ जून २०२०

ताई, तुमचं सगळं वाचलं. लेकीचं कौतुक आहे, तरी मनातलं लिहिते. राग मानू नका.

मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. माझ्या वर्गातली बरीच मुलं ऊसतोड कामगारांची. माझी सातवीतली एक मुलगी एप्रिलमध्ये आईबापाबरोबर कारखान्याहून परतली. तिला टनाचा भाव पाठ आहे. एका कोयत्याने दिवसात किती तोडलं म्हणजे उचल (आगाऊ घेतलेले पैसे) कधी फिटेल, हे ती बोटांवर सांगते. भाकरी, धुणं, धाकटी भावंडं, खुरपणी, सगळं येतं. सहा महिने ती रोजच्या जगण्यातूनच शिकतेय. तिला कुणी शाबासकी दिलेली मी ऐकली नाही. तुमच्या लेकीने भाताचा चूड (रोपांची जुडी) लावला की तो अनुभव, माझ्या पोरीने खुरपं धरलं की ते काम. आणि आता घरात तिच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, कारण शाळा बंद आहे आणि पोर रिकामी दिसते. मी दोनदा जाऊन आले. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलाय.

शाळा नसली तरी चालतं, असं या धाग्यावरून कुणाला वाटू नये. एवढ्यासाठी लिहिलं.

कुरणवाट | २८ जून २०२०

बाई, अगदी बरोबर बोललात. कुरणशाळेचं मी लिहिलं, पण अनुताई कुरणात गेल्या त्या मुलांना शिकवायला गेल्या होत्या. कुरण आपोआप शिकवतं म्हणून गेल्या नव्हत्या. हे मी पहिल्याच प्रतिसादात म्हणायला हवं होतं.

सुपारीची वाडी | १४ जुलै २०२०

बालाघाट ताई, राग नाही. तीन-चार दिवस झोप लागली नाही हे खरं.

आमच्या लावणीला खालच्या वाडीतल्या बायका येतात, त्यांच्याबरोबर त्यांची मुलं. त्यातली एक लेकीच्याच वयाची. चिखलात हात घातला की डावीकडून उजवीकडे तिची ओळ सुतासारखी सरळ. दोन-तीन रोपांचा चूड, अंगठ्याने अलगद दाबलेला. माझ्या लेकीचे चूड तासाभरात तरंगून वर आले. त्या मुलीने ते सगळे न बोलता परत लावले. मी सगळं बघत होते आणि तोपर्यंत एकदाही तिला विचारलं नव्हतं की तू हे कसं करतेस.

दुसऱ्या दिवशी विचारलं. आधी लाजली. मग म्हणाली, "खोल दाबला तर फुटवं येत नाय, वरवर लावला तर उपटतो. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत." हे तिला सांगता येत होतं, लिहिता मात्र येत नव्हतं. चौथी पास झालेली मुलगी. मार्चमध्ये पहिली ते आठवी सगळ्यांना वर घातलं, त्यात तीही पाचवीत गेली.

तेव्हापासून आमच्या ओट्यावर रोज चार वाजता सात मुलं बसतात, मास्क लावून, एकेक खांब सोडून. नियम एकच. आज जे काम केलंस ते आधी तोंडी सांग, मग पाच ओळी लिही, मग दुसऱ्याची वही मोठ्याने वाच. ज्याला लिहिता येत नाही त्याचं दुसरा लिहून घेतो आणि तो ते बघून उतरवतो.

बांधावरून काकांनी फोनवर चारसूत्री लावणी समजावली, ती आम्ही एका खाचरात केली. दोरीला १५ आणि २५ सेंटीमीटरवर आलटून पालटून चिंध्या बांधायच्या, चार चुडांच्या चौकोनात मधोमध खताची एक गोळी. चार चुडांमागे ४० बाय ४० सेंटीमीटर जागा लागते. मग एका आराला किती गोळ्या? ओट्यावर दोन दिवस हे गणित चाललं. लेकीने भागाकार मांडला. त्या मुलीने अंगणात काठीने चौकोन आखायला घेतले: दोन मीटरला पाच, म्हणजे दहा मीटरला पंचवीस, आणि अशा पंचवीस ओळी. दोघींचं उत्तर ६२५. तिने आधी काढलं.

बांधावरून | १४ जुलै २०२०

हेक्टरी ६२,५००. आमच्या पुस्तिकेत हाच आकडा छापलेला होता. पोरीला माझा आशीर्वाद सांगा.

बालाघाट | १५ जुलै २०२०

ताई, रडू आलं वाचून. आमच्या पोरीचं लग्न सध्या तरी थांबलंय. ग्रामसेवक आणि अंगणवाडीताई दोघंही घरी गेले होते. मी तिला आता रोज एक हिशोब तिच्याच घरचा विचारते आणि लिहायला लावते.

कुरणवाट | २१ जुलै २०२०

ज्यांच्याकडे टीव्ही आहे त्यांच्यासाठी: कालपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालंय, पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेलं. घरातल्या, परिसरातल्या गोष्टींतून शिकवतात. माझ्या पाड्यावर दोन घरांत टीव्ही आहे, तिथे अंगणात पोरं बसवतोय.

मांडवीकाठ | २५ ऑगस्ट २०२०

आम्ही गोव्यातले. यंदा चवथीला पाहुणे नाहीत, त्यामुळे माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायचं काम मुलांवर सोपवलं. नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंजन, कवंडळ, कांगण्या. दरवर्षी बाजारातून आणायचो, यंदा रानात जाऊन हुडकलं. कवंडळ कुठल्या वेलीला लागतं हे मला चाळिसाव्या वर्षी मुलाबरोबर कळलं. रानातली प्रत्येक वस्तू कुठे मिळाली त्याचा नकाशा मुलाने काढलाय, पुढल्या वर्षासाठी.

सुपारीची वाडी | ९ ऑक्टोबर २०२०

पावसाची वही आज संपली. सरळ बाजूंचा डबा अंगणात ठेवून रोज सकाळी आठला पट्टीने मोजायचं, असं धाकट्याचं काम होतं. डब्यात जितके मिलिमीटर, तितके लिटर पाणी एका चौरस मीटरवर पडलं. घराचं छप्पर ऐंशी चौरस मीटर. ज्या दिवशी शंभर मिलिमीटर झाला, त्या दिवशी छपरावरून आठ हजार लिटर गेलं. घरात रोज किती कळश्या लागतात ते आजीने सांगितलं, आणि ती स्वतःच म्हणाली, "म्हंजे एका दिवसाच्या पावसात महिना निघला असता की!" पुढच्या उन्हाळ्यासाठी पन्हळीखाली टाकी बसवायचं सासऱ्यांनी मनावर घेतलंय.

रेवाकाठ | ११ डिसेंबर २०२१

जुना धागा वर काढतोय, क्षमस्व. आता गावाकडे पहिली ते चौथीही उघडलीत. ताई, मागे वळून पाहता काय वाटतं? काय राहून गेलं, हे तुम्ही पहिल्याच लेखात विचारलं होतं.

सुपारीची वाडी | १२ डिसेंबर २०२१

आम्ही यंदा जूनमध्ये डोंबिवलीला परतलो. खरं तेच लिहिते.

धाकट्याचं वाचन मागे राहिलं. तो तिसरीत आहे आणि जोडाक्षराला अडखळतो. मी त्याला पाऊस मोजायला दिला, पण मांडीवर घेऊन रोज गोष्ट वाचली नाही. दिवसभराच्या कामाने रात्री माझेच डोळे मिटायचे. त्याचं मला फार वाईट वाटतं. आता रोज अर्धा तास बसतोय. लेकीचं व्याकरण कच्चं, इंग्रजी कच्चं. क्षेत्रफळ, दशांश, टक्के यांत तिला कुणी हात लावू शकत नाही.

ओट्यावरच्या सातांपैकी सहा शाळेत परत गेली. गावच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं की सहाही जणांना न विचारता लिहिता येतं. सातवा, सगळ्यांत मोठा, आठवीतला, यंदा १ ऑगस्टला मासेमारी उघडली तेव्हा हर्णैला होडीवर गेला. वादळात घराचं छप्पर गेलं, ते कर्ज फेडायचं होतं. त्याच्या आईशी मी तीनदा बोलले. दिवाळीनंतर बघू म्हणाली होती. दिवाळी झाली.

चूड लावणारी मुलगी आता सहावीत आहे. दर रविवारी लेकीला फोन करते.

बालाघाट | १२ डिसेंबर २०२१

त्या मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येईल, वय बसेल तेव्हा. तोवर वही सुटू देऊ नका. होडीवरचा हिशोब लिहायला सांगा: डिझेल किती, बर्फ किती, वाटा किती. मी गुरुजींशी बोलू का?

सुपारीची वाडी | १२ डिसेंबर २०२१

बोला ताई. नंबर निरोपात पाठवते. मीही आज त्याच्या आईला फोन करते.